पापाकुऱ्याचे अमेरिकन बुवा

"चूक करायचीच असेल तर मोठ्याने कर. हळूच केलीस तर मला ऐकू येत नाही आणि तुलाही कळत नाही."

माझ्या लेकीला, इराला, पहिल्यांदा पियानोसमोर बसवल्यावर बुवांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी बाहेरच्या खोलीत थर्मासमधला चहा ओतत होते, तो निम्मा मांडीवरच सांडला. आम्ही पडलो पुण्याच्या शाळेत वाढलेली माणसं. चुकेल असं वाटलं की आमचा आवाज आपोआप खाली जातो. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात ज्याला सूर लागत नाही त्याने नुसते ओठ हलवायचे, हे आम्हाला बाईंनीच शिकवलं होतं. आणि इथे हा उंचापुरा, पांढऱ्या केसांचा माणूस फी घेऊन माझ्या मुलीला चुका करायला सांगत होता, त्याही खणखणीत! मी दारात जाऊन म्हटलं, "सर, तिला बरोबर कसं वाजवायचं तेही शिकवाल ना?" ते हसले. म्हणाले, "ते तिचं तिला येईल. चुकायला मात्र शिकवावं लागतं."

कागदोपत्री त्यांचं नाव वॉल्टर. जन्म अमेरिकेतल्या एका बर्फाळ गावातला. वडिलांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. मोठेपणी ते संगीतकार झाले. सिनेमाचे नव्हेत, वाद्यवृंदांसाठी, गायकवृंदांसाठी पाश्चात्त्य शास्त्रीय रचना लिहिणारे. आणि पोटासाठी म्हणा, हौसेसाठी म्हणा, जन्मभर एका कॉलेजात शिकवत राहिले. त्यांच्या दोन मोठ्या सिंफनी होत्या. "दोन्ही एकेकदाच वाजल्या," ते सांगायचे, "दुसऱ्यांदा न वाजवण्याइतके लोक सभ्य होते." बायको हेलन न्यूझीलंडची, नर्स होती. तिला म्हातारपणी आपल्या समुद्राजवळ राहायचं होतं, म्हणून निवृत्त झाल्यावर दोघं ऑकलंडला, आमच्या पापाकुऱ्यात आले. थोड्याच वर्षांत ती गेली. सगळ्यांना वाटलं, आता हे परत जातील. पण हे रेल्वे फाटकाजवळच्या त्या छोट्याशा घरात एकटे राहिले, पोरांना पियानो शिकवत आणि आठवड्यातून एकदा कम्युनिटी हॉलमध्ये आमच्यासारख्या हौशी लोकांचा गायकवृंद चालवत. स्वतः मात्र नवीन काही लिहिणं त्यांनी सोडून दिलं होतं. विचारलं तर म्हणायचे, "पहिलं ऐकणारं माणूस घरात नाही, मग लिहू कुणासाठी?"

'बुवा' हे नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलं. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून कायमच्या इकडे आणलं होतं. एकदा इराला आणायला त्या माझ्याबरोबर आल्या. आत बुवा डोळे मिटून, मान डोलावत, एक हात हवेत फिरवत इराच्या बोटांबरोबर गुणगुणत होते. सासूबाई दाराच्या फटीतून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं मेधा, हे तर आपले गवईबुवाच की! फक्त धोतर नाही." झालं. त्या दिवसापासून घरात, इथल्या मराठी मंडळात, सगळीकडे ते बुवा. मी त्यांना या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा ते भलतेच खूश झाले. कॉलेजात मिळालेल्या सगळ्या पदव्यांपेक्षा हीच बरी, म्हणाले. शिवाय ती छोटी आहे आणि म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहते.

त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा विचाराल तर मी सुरुवातीला डोक्याला हात लावला होता. पहिल्या महिन्यात पोरीने पियानो वाजवला कमी आणि ऐकलं जास्त. फाटकाची घंटा वाजायला लागली की बुवा हात मांडीवर ठेवायला लावायचे. गाडी येईपर्यंत, जाईपर्यंत, तिचा आवाज पार विरेपर्यंत गप्प बसायचं. मग विचारायचे, "सगळ्यात शेवटी काय ऐकू आलं?" एखादा मुलगा म्हणायचा गाडी, एखादी म्हणायची पक्षी. इराने एकदा सांगितलं, "युअर ब्रीदिंग." त्या दिवशी बुवांनी तिला पूर्ण तास काही वाजवू दिलं नाही, दोघंही कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, आइस्क्रीम घेऊन आले. मी मनात म्हटलं, छान! मुलीला संगीत शिकायला पाठवलंय की जिभेचे लाड करायला!

आता आमच्या लोकांचं तुम्हाला सांगायला नकोच. पोरगं पियानोला बसलं की महिन्याभरात विचारणार, परीक्षा कधी? मीही विचारलं. बॉटनी डाउन्समधल्या एका ओळखीच्या मुलीच्या तीन-तीन ग्रेड झाल्या होत्या आणि तिची आई ते दर शनिवारी भाजीच्या दुकानात मला ऐकवायची. बुवांनी शांतपणे विचारलं, "मेधा, इरा नापास झाली तर तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, "नापास का होईल?" ते म्हणाले, "मुलगी तयार आहे. आई अजून तयार नाही. पुढच्या वर्षी बघू." असला राग आला होता मला! घरी येऊन समीरला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर तो पेनरोजच्या फॅक्टरीतून दमून आलेला माणूस पोट धरून हसायला लागला. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, "नापास झाली तर आइस्क्रीम खाऊ." तेव्हा कुठे फॉर्म भरला.

त्यांच्या गायकवृंदात मी कशी ओढले गेले ते मलाही कळलं नाही. मी इथल्या फार्मसीत फार्मासिस्ट आहे. बुवा औषधं घ्यायला आले की काउंटरशी उभे राहून माझं बोलणं ऐकायचे. एकदा म्हणाले, "तुमचा आवाज खालच्या पट्टीत चांगला बसेल, गुरुवारी या." मला गाता येत नाही, मी म्हटलं. "स्वीट ॲज," ते म्हणाले. 'काही हरकत नाही' अशा अर्थाचा हा खास किवी, म्हणजे न्यूझीलंडचा, शब्द त्यांच्या अमेरिकन तोंडात इतका विचित्र वाटायचा की मी हसण्याच्या नादात हो म्हणून गेले. तिथे निवृत्त बसचालक होता, सामोअन बायका होत्या, एक दंतवैद्य होती, आणि आता मी. आम्हाला त्यांची एक शिकवण पहिल्याच दिवशी मिळाली. लांब सूर सगळ्यांनी मिळून धरायचा तर श्वास कुठे घ्यायचा? बुवा म्हणायचे, "वाटेल तेव्हा घ्या, फक्त शेजारी घेत असताना घेऊ नका." एवढं पाळलं की सूर तुटतच नाही. एका माणसाचा दम संपतो, घोळक्याचा संपत नाही. आणि 'मी थांबवेपर्यंत कुणी थांबायचं नाही,' ही त्यांची ताकीद होती.

एका वर्षी आमच्याकडे गणपतीला त्यांना बोलावलं. एवढ्याशा हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं, बाहेर जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग, आत मोदकांचा वास. बुवा बूट काढून, मोज्यांवर, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे. आरती सुरू झाली. आपल्या आरतीचं तुम्हाला ठाऊकच आहे. नागपूरकर घाईत पुढे पळतात. कोकणातले प्रत्येक ओळ हेलकावे देत म्हणतात. आयटीतल्या पोरांना पहिलं कडवं येतं, मग ती पुटपुटतात आणि ध्रुवपद आलं की छप्पर उडवतात. झांजा एकीकडे, टाळ्या दुसरीकडे. आमच्या सासूबाई तर शेवटचं अक्षर असं ओढतात, असं ओढतात, की त्याच्या खालून लोकांचं पुढचं कडवं निघूनही जातं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरती संपल्याबरोबर मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "सॉरी हं बुवा, आमचं कुणाचं कुणाशी जमत नाही."

बुवांचे डोळे भरले होते. म्हणाले, "जमत नाही? सगळे एकाच गावाला निघालेत आणि प्रत्येक जण आपापल्या चालीने चालतोय. कुणीच कुणाला मागे टाकून जात नाही. मेधा, हे मी जन्मभर कागदावर लिहायला बघतोय. कागदावर ते येत नाही." सासूबाईंनी त्यांच्या हातावर मोदक ठेवला. तो तसाच हातात धरून ते मला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, त्या शेवटचं अक्षर ओढणाऱ्या आजींना कुणी शिकवलं ते. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शिकवायचंय काय त्यात? संपू नये असं वाटतं म्हणून ओढते."

त्यानंतर बुवा लिहायला लागले. कितीतरी वर्षांनी. आणि वेळ कशी बघा, नेमकं तेव्हाच त्यांचे हात कापायला लागले. औषधांबद्दल मी कुणाजवळ काही बोलत नाही, धंद्याचा नियम आहे. पण त्यांनी स्वतःच गायकवृंदासमोर सांगून टाकलं, की कंपवात आहे, वाढत जाणार आहे. अमेरिकेतली मुलगी, एमिली, फेब्रुवारीत येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. रचना साधी होती. गायकवृंद एक लांब सूर धरणार, त्याचे हळूहळू पदर उलगडणार, आणि त्यावर मराठी मंडळी आपली आरती म्हणणार, जशी घरी म्हणतात तशीच. मग गायकवृंद शेवटच्या सुरावर येऊन थांबणार. "डोक्यात ऐकलेलं खूप झालं," बुवा मला म्हणाले. "हे एकदा कानांनी ऐकायचंय. त्यानंतर एमिली मला हवं तिथे नेऊन ठेवू दे." त्यांना या वयात हट्ट धरताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी मंडळाच्या केळकरांना फोन केला. केळकर म्हणजे आयटीतले प्रोजेक्ट मॅनेजर, माणूस लाखात एक. कुणाच्या घरी अडचण असो, केळकर आधी हजर. मी त्यांना निरोप दिला, "बुवा म्हणतायत, घरी म्हणता तशीच म्हणा." आता आपल्याकडे यजमान जेव्हा म्हणतो, 'काही आणू नका हं, घरच्यासारखं या,' तेव्हा आपण काय करतो? मिठाईचा मोठा पुडा घेऊन जातो. केळकरांनी तेच केलं. त्यांना वाटलं, मोठा माणूस आहे, भिडेखातर बोलतोय. समोर किवी लोक बसणार, बुवांची शेवटची रचना, मंडळाची इज्जत! त्यांनी बॉटनी डाउन्सच्या आपल्या गॅरेजमध्ये गुपचूप तालमी सुरू केल्या. बुवांना आणि गायकवृंदातली म्हणून मलाही सरप्राइज द्यायचं होतं. मोबाइलवर ताल लावून, हार्मोनियम घेऊन, अख्खे शनिवार-रविवार. सासूबाई मंडळाचं काम आहे असं मला सांगून एकदा केळकरांकडे जाऊन आल्या आणि मग गेल्याच नाहीत. का हो आई, असं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, गुडघे दुखतात."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी हॉलमध्ये रंगीत तालीम होती. मंडळी आली ती एकसारखी केशरी उपरणी घालून, तीन ओळींत, उंचीप्रमाणे. केळकरांनी बोट वर केलं. आणि काय सांगू तुम्हाला, तीस माणसं एका माणसासारखी गायली! एक ओळ पुढे नाही, एक मागे नाही. शेवटचं अक्षर तर सगळ्यांनी असं कापलं की नंतर हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आमच्या गायकवृंदातल्या लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. केळकरांचा चेहरा बघण्यासारखा फुलला होता.

बुवा उठले, प्रत्येकाशी हात मिळवला, "ब्यूटिफुल, थँक यू, हीप्स ऑफ वर्क" असं म्हणाले, आणि आतल्या किचनमध्ये गेले. मी मागोमाग गेले. ते सिंकपाशी पाणी पीत होते आणि ग्लास दातांवर वाजत होता. मला म्हणाले, "मेधा, ती माणसं कुठे गेली?"

त्यांनी केळकरांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. लोकांनी मेहनत केली आहे, त्यांना काही सांगू नका, असंच म्हणाले. पण माझ्यात तेवढा मोठेपणा नाही. मी तरातरा बाहेर गेले आणि केळकरांना एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बिचारे इतके खजील झाले की मलाच वाईट वाटलं. "अहो, पण आम्ही एवढे शनिवार घातले," ते म्हणाले. मग म्हणाले, "हरकत नाही, सोडवू." माणूस शेवटी प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांनी मंडळींना गोळा करून सांगितलं, "आता जरा विस्कळीत म्हणायचंय." म्हणून बघितलं. देवा रे देवा! मुद्दाम विस्कळीत म्हटलेलं इतकं खोटं वाटतं म्हणून सांगू! सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत अडखळत होते. केळकर घाम पुसत म्हणाले, "असं करू या का, कोणी किती उशिरा यायचं ते आधी ठरवून घेऊ. मी चटकन एक्सेल करतो."

तोवर मागच्या खुर्चीवर बसलेल्या सासूबाई उठल्या. त्यांना तालमीत शेवट ओढू दिला नव्हता. 'आजी, तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा,' असं सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "केळकर, आरती म्हणताय ती कुणाची? समोर देव नाही, ताम्हण नाही, निरांजन नाही. त्या खुर्च्यांची आरती करताय का?" मग त्या बाकीच्या मंडळींकडे वळल्या. "आणि उद्या माघातली चतुर्थी आहे, गणेश जयंती. इथे कुणाच्या लक्षात तरी आहे का? उद्या माझा गणपती मी इथे आणते. नैवेद्य करते. आरतीनंतर जेवण आहे म्हणून सगळ्यांना सांगा, आणि ती पेटी आणि ते मोबाइल घरी ठेवून या."

मी धावत जाऊन बुवांना हे सांगितलं. त्यांनी सासूबाईंना बोलावून घेतलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही ओढणार ना?" सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही. पण त्या म्हणाल्या, "ओढणार म्हणजे काय, बघाच तुम्ही."

अडचण एकच होती. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी. कापूर लावला की फायर अलार्म बोंबलणार आणि बंब येणार. इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने कधी ना कधी स्टुलावर उभं राहून त्या अलार्मला टॉवेलने वारा घातलेला आहे. हॉलच्या मॅनेजरबाई भल्या होत्या, पण नियम म्हणजे नियम. शेवटी ठरलं की गणपती बाहेर पार्किंगमध्ये बसवायचा, हॉलची दोन्ही दारं सताड उघडी ठेवायची, आत गायकवृंद आणि बाहेर आरती. बुवा म्हणाले, "बाहेरून येऊ दे. उत्तम आहे."

रविवारी लख्ख ऊन होतं. पार्किंगच्या एका कोपऱ्यात पाट मांडून सासूबाईंनी गणपती बसवला. शेजारी झाकलेली मोठी पातेली. पोरं घंटेसाठी भांडत होती. आत प्रेक्षक बसले, पुढच्याच ओळीत एमिली. आम्ही उभे राहिलो. बुवा समोर आले आणि त्यांनी कापरा हात वर केला. आम्ही सूर धरला. त्याचे पदर उलगडायला लागले. आरती यायला अजून बराच अवकाश होता, केळकर दारात उभं राहून खूण करणार होते. पण बाहेर वारा सुटला, निरांजन विझायला लागलं, आणि आता उशीर नको म्हणून सासूबाईंनी सुरुवात करून टाकली. खूण गेली खड्ड्यात! त्यांच्यामागून कुणी दोन शब्दांनी, कुणी एका ओळीने आलं. नागपूरकर पुढे गेले. झांजा कुणीतरी गाडीतून आणायला धावलं, त्या मधूनच सामील झाल्या. केळकर खूण करायचं विसरून टाळ्या वाजवत, डोळे मिटून, भसाड्या आवाजात गात होते. त्यांचा आवाज इतका भसाडा आहे हे तोवर मंडळात कुणालाही माहीत नव्हतं.

बुवांचा हात खाली आला. त्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं. आणि मग आमच्याकडे पाठ करून, हळूहळू पावलं टाकत, ते चालू लागले. प्रेक्षकांच्या मधून, दारातून, बाहेर. आम्ही सूर धरून उभे. थांबायचं कुणी? त्यांनी थांबवल्याशिवाय थांबायचं नाही ही त्यांचीच ताकीद. मी दारातून बघत होते. त्या घोळक्यात त्यांचं पांढरं डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं. सासूबाईंनी आरतीचं ताम्हण त्यांच्यापुढे धरलं. त्यांचे हात ज्योतीवर थरथरत होते आणि चटका बसेल म्हणून सासूबाई ताम्हण त्यांच्या हाताबरोबर हलवत होत्या. बुवांनी ते हात डोळ्यांना लावले. मग त्यांचं तोंड उघडलेलं दिसलं. शब्द येत नव्हते, तरी ते गात होते. सगळ्यांच्या मागून, आपल्याच चालीने.

आतमध्ये आमचा दम संपत आला. शेजारी घेत नसताना श्वास घेत घेत आम्ही किती वेळ काढला देव जाणे. शेवटी बसचालक थांबला. मग सामोअन बायका, एकेक करून. मग दंतवैद्य. मी थांबले तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. ज्याचा दम जिथे संपला तिथे त्याने सूर खाली ठेवला. आत पूर्ण शांतता झाली, आणि बाहेरून सासूबाईंचं ते शेवटचं अक्षर ऐकू येत राहिलं. बुवा दारात येऊन उभे होते. मला म्हणाले, "मी शेवट लिहिला होता. आता तो फाडून टाकतो."

पुढच्या आठवड्यात ते अमेरिकेला निघाले. विमानतळावर इरा त्यांच्या गळ्यात पडून रडली. ते तिला म्हणाले, "मोठ्याने रड," आणि आम्हा सगळ्यांना हसू आलं. मग चाकाच्या खुर्चीतून एमिली त्यांना आत घेऊन गेली. व्हिडिओ कॉलवर भेटायचे. नंतर बोलणं कमी होत गेलं, नुसते बघत राहायचे. वर्ष होत आलं, त्यांच्या गावी बर्फ पडत होतं, आमच्याकडे ऐन उन्हाळा, तेव्हा एमिलीचा फोन आला. बुवा झोपेतच गेले.

आठवड्याभराने तिचा पुन्हा फोन. त्यांचे जुने विद्यार्थी कुठून कुठून गोळा होणार होते, कॉलेजच्या गायकवृंदाला तीच रचना करायची होती. आरतीचं रेकॉर्डिंग पाठवाल का, असं तिने विचारलं. केळकर माझ्याच घरी बसले होते. मला वाटलं, आता हे विचारणार कोणत्या तालात हवं. त्यांनी माझ्या हातून फोन घेतला. म्हणाले, "रेकॉर्डिंग नाही पाठवत. तिथे जवळपास मराठी माणसं शोधा. असतीलच. त्यांना म्हणावं, घरचा गणपती घेऊन या, आरतीनंतर जेवण आहे. आणि काहीही झालं तरी त्यांना तालीम करू देऊ नका." एवढं बोलून फोन माझ्याकडे दिला आणि ते चेहरा धुवायला गेले.

आम्ही सगळ्यांनी तो कार्यक्रम आमच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर बघितला. कधी न पाहिलेलं गाव. चर्चच्या उघड्या दारातून बर्फ दिसत होतं, आणि दाराबाहेर जाड कोट आणि कानटोप्या घातलेली आठ-दहा मराठी माणसं एका छोट्या गणपतीसमोर उभी होती. त्यांनी आरती सुरू केली. एक बाई पुढे पळत होती, एक गृहस्थ पार मागे राहिले होते. आतले विद्यार्थी, बरेचसे आता म्हातारे, सूर धरून उभे होते आणि समोर त्यांना थांबवायला कुणीच नव्हतं. तिथे नुसती रिकामी जागा ठेवली होती. एकेकाचा दम संपत गेला. शेवटी मागच्या रांगेतल्या एका पिकल्या केसांच्या बाईंचा एकटीचा सूर उरला, कापरा, बारीक. इराने माझा हात घट्ट धरला. इकडे माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, कुणी सांगितलेलं नसताना, तो सूर उचलला आणि पडद्यावरच्या बाई थांबल्या तरी त्या ओढतच राहिल्या.